बिनतारी जाळे आणि दुकानाचा शिक्का

एके काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. नुसते ऐकण्याच्या यंत्रालाही जेथे सरकारची अनुमती हवी असे, तेथे संदेश पाठविणारे यंत्र बाळगण्याची गोष्ट दूरच राहिली. पोलीस ठाण्यावरचा बिनतारीचा उंच खांब ही सामान्य माणसाने लांबूनच पाहावयाची वस्तू होती. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून मुक्त केले आणि ही स्थिती पालटली. आज कळंबचा अडत्या, तुळजापूरचा लॉजमालक, उमरग्याचा औषधविक्रेता आणि धाराशिवच्या पतसंस्थेचा व्यवस्थापक हे सारे एकेका लहानशा बिनतारी केंद्राचे चालक झाले आहेत. परवाना गेला हे इष्टच झाले. परंतु परवान्याबरोबर जबाबदारीही गेली, असा जो समज रूढ झाला आहे, तो मात्र घातक आहे.

वायफायच्या लहरींना उंबरठा ठाऊक नसतो. दुकानाचे शटर ओढले, कुलूप लावले, तरी राउटर चालू असेल तर त्याच्या लहरी भिंतीतून, खिडकीतून रस्त्यापर्यंत पोहोचत राहतात. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाला त्या टिपण्यासाठी दुकानात पाऊल टाकावे लागत नाही. तारेच्या जोडणीत शिरणाऱ्याला निदान तारेपर्यंत यावे लागे. येथे तेवढीही अट उरली नाही.

याचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने २००८ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. त्याच्या वायफायला संरक्षण नव्हते. कोणीतरी परक्याने ते वापरले होते. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता, परंतु ते सिद्ध होईपर्यंत त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. ऑगस्टमध्ये असाच दुसरा संदेश माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यावरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा संदेश चेंबूरमधील एका खाजगी कंपनीच्या असुरक्षित वायफायवरून पाठविल्याचे आढळले. एक घर, एक महाविद्यालय आणि एक व्यवसाय! दोन महिन्यांच्या आत तिघांचेही नाव त्यांच्या नकळत वापरले गेले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना वायफायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना दिल्या, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

या प्रकरणांतील एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. चेंबूरच्या त्या कंपनीची तिजोरी कोणाला फोडावयाची नव्हती, की तिच्या हिशेबाच्या वह्या कोणाला पाहावयाच्या नव्हत्या. हवा होता तो तिचा पत्ता. 'आमच्या दुकानात चोरण्यासारखे आहे तरी काय?' हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की दुसरे काही नसले तरी तुमचे नाव आहे. कचेरीत काम केलेल्या कोणालाही रबरी शिक्क्याची किंमत सांगावी लागत नाही. शिक्का म्हणजे चार रुपयांचे रबर. पण तो टेबलावर उघडा टाकून कोणी घरी जात नाही. कारण त्याखाली जे काही लिहिले जाईल, त्याचे उत्तर शिक्क्याच्या मालकाला द्यावे लागते. वायफायचा पासवर्ड हा आजच्या व्यवसायाचा शिक्काच होय. तो मात्र आपण भिंतीवर चिकटवतो आणि येईल त्याच्या मोबाईलमध्ये आपल्या हाताने भरून देतो.

नावाखेरीज गमावण्यासारखे पुष्कळ आहे, हेही विसरता कामा नये. अडतीवर शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचे क्रमांक असतात, लॉजवर यात्रेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती असतात, पतसंस्थेत ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या बचतीच्या नोंदी असतात. यांतील काहीही मालकाचे स्वतःचे नसते. ती लोकांनी विश्वासाने दिलेली ठेव असते. अमेरिकेत मार्शल्स या दुकानसाखळीच्या कमकुवत बिनतारी जाळ्यातून चोर तिच्या मालक कंपनीच्या संगणकांत शिरले. साडेचार कोटींहून अधिक ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक गेल्याचे २००७ मध्ये उघड झाले. तेथे 'वेप' नावाची जुनी संरक्षणपद्धती वापरात होती, आणि ती भेदता येते हे तज्ज्ञांनी २००१ मध्येच दाखवून दिले होते. कुलूप होते, पण ते उघडण्याची युक्ती सहा वर्षे जगजाहीर होती.

यावर उपाय अवघड नाहीत आणि महागही नाहीत. राउटरला दोन किल्ल्या असतात, हे प्रथम समजून घ्यावे. एक वायफायची, जी सर्वांना माहीत असते. दुसरी राउटरच्या कारभाराची, जी बहुतेकांना ठाऊकच नसते. कारखान्यातून येताना ही दुसरी किल्ली पुष्कळदा 'अ‍ॅडमिन' अशी सरधोपट असते. ती पहिल्याच दिवशी बदलली पाहिजे. संरक्षणपद्धती 'डब्ल्यूपीए-२' किंवा २०१८ मध्ये आलेली 'डब्ल्यूपीए-३' असावी. बटण दाबून वा आठ आकडी क्रमांकाने जोडणी देणारी 'डब्ल्यूपीएस' सोय बंद ठेवावी. आठ आकड्यांचे दहा कोटी पर्याय होतात, असे आपल्याला वाटते. परंतु राउटर तो क्रमांक दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघडकीस आले.

पासवर्ड म्हणून मोबाईल क्रमांक ठेवण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. त्याचा हिशेब गणिताच्या शिक्षकांनी वर्गात मांडून दाखवावा. भारतातील मोबाईल क्रमांक सहा, सात, आठ किंवा नऊ या आकड्याने सुरू होतो. म्हणजे पर्याय फार तर चारशे कोटी. जोडणीच्या वेळचा संदेश एकदा टिपून नेला, की घरी बसून ही सारी यादी चाळावयास शक्तिशाली संगणकाला काही तास पुरतात. दुकानाच्या पाटीवरच क्रमांक रंगविलेला असेल, तर तेवढेही कष्ट नकोत. याउलट एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले, तर ते मालकाच्या लक्षात राहतात आणि यंत्राला सहजी सापडत नाहीत.

गिऱ्हाइकाला वायफाय देऊ नये, असे मात्र कोणी म्हणणार नाही. नवरात्रात तुळजापुरी आलेल्या यात्रेकरूला घरी खुशाली कळवावयाची असते. पण आपल्या जुन्या घरांतच याचे उत्तर आहे. पाहुण्याचे स्वागत ओसरीवर होई. माजघरात त्याला नेत नसत, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नसे. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असते. ते ओसरीसारखे खुले असावे, पण त्यालाही स्वतंत्र पासवर्ड असावा; हिशेबाचे संगणक, कॅमेरे आणि छपाईयंत्रे माजघरात राहावीत. कारकून वा नोकर काम सोडून गेला, तर दुकानाची किल्ली परत घेतो तसा पासवर्डही त्याच दिवशी बदलावा.

हे सारे खरे असले, तरी सर्व भार दुकानदाराच्या माथी मारणे न्यायाचे नाही. परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी जोडणी देणारा तरुण येतो, तार ओढतो, मोबाईलवर चित्र दिसले की सही घेऊन निघून जातो. मालकाला यातले काही कळत नाही, आणि कोणी सांगतही नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणारा ठरीव पासवर्ड असलेली अशी उपकरणे विकण्यास कायद्याने मनाई आहे. आपल्याकडेही मालकाने दोन्ही किल्ल्या स्वतः बदलल्याखेरीज जोडणी पूर्ण झाली असे मानू नये, आणि मराठीतील एक पानी सूचनापत्र यंत्रासोबत द्यावे. कंपन्यांवर एवढे बंधन घातल्याने कोणाचे दिवाळे निघणार नाही. कायद्याचा काच तर वाढतोच आहे. संगणकावरील हल्ल्याची वर्दी सहा तासांत देण्याचा आदेश 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २०२२ मध्ये दिला. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, आणि त्यात हयगयीबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. शिक्षेची भाषा इंग्रजीत आणि शिक्षण कोणत्याच भाषेत नाही, अशी अवस्था योग्य नव्हे.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण मुलांना आईच्या मायेची कथा म्हणून सांगतो. तिला दुसराही अर्थ आहे. दरवाजे मिटल्यावर एक गवळण कडा उतरून गेली, म्हणजे गडाच्या रक्षणात एक उणीव होती. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असे ही आख्यायिका सांगते. दुकानातील एखादा विद्यार्थी-नोकर 'मालक, आपला पासवर्ड सगळ्या गल्लीला माहीत आहे' असे म्हणेल, तेव्हा त्याच्यावर डोळे वटारू नयेत. त्याने कडा दाखविला आहे. बुरूज बांधणे हे मालकाचे काम आहे.