फटाके संथ गतीत टिपायचेत? आकड्याला भुलू नका!

दिवाळी जवळ आली की मोबाइलच्या जाहिरातींत आणि कॅमेऱ्यांच्या दुकानांत एक शब्द हमखास दिसतो : ‘स्लो मोशन’. शेजारी एखादा मोठा आकडा असतो. सेकंदाला २४० चित्रे, ४८० चित्रे, ९६० चित्रे! आकडा मोठा म्हणजे कॅमेरा चांगला, असे आपण साहजिकच धरून चालतो आणि बोनसच्या पैशातला मोठा वाटा त्यावर खर्च करतो. मग लक्ष्मीपूजनाच्या रात्री केलेले चित्रण घरी येऊन पाहावे, तर सगळा काळोख, मधोमध एक पांढराफटक डाग आणि भोवती धूर. असे का होते? आणि बेताच्या पैशांत आतषबाजीचे चांगले संथ चित्रण करायचे असेल, तर काय पाहून कॅमेरा घ्यावा? आज याच दोन प्रश्नांचा विचार करू.

किती चित्रे पुरेशी?

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे दाखवतात. तुम्ही सेकंदाला २४० चित्रे टिपली आणि २४ च्याच वेगाने दाखवली, तर एका सेकंदाची घटना दहा सेकंद चालते. संथ चित्रणाचे गणित एवढेच.

आता हे गणित फटाक्यांना लावून पाहू. आकाशात फुटणारा ‘शॉट’ आपल्याला क्षणार्धात घडल्यासारखा वाटतो, पण त्याची फुले दोन-तीन सेकंद पसरत असतात. समजा, एक ठिणगी सेकंदाला ३० मीटर वेगाने निघाली. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात ती एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत सव्वा मीटरभर उडी मारते. १२० चित्रे घेतली, तर ही उडी २५ सेंटिमीटरची होते आणि २४० घेतली तर साडेबारा सेंटिमीटरची. दुरून पाहताना एवढे पुष्कळ झाले. त्यापुढे जाऊन ९६० चित्रे घेतली, तर तीन सेकंदांचा शॉट दोन मिनिटे चालेल. पहिल्या वीस सेकंदांनंतर घरातली मंडळी चहाला उठतील!

फुलबाजी आणि भुईनळा यांची गोष्ट थोडी वेगळी. ठिणग्या बारीक असतात आणि कॅमेरा त्या मानाने जवळ असतो, त्यामुळे त्या पडदा चटकन ओलांडतात. इथे २४० चित्रांचा खरा उपयोग होतो. फुलबाजीतला लोखंडाचा कण जळता जळता मध्येच फुटतो आणि त्याला फांद्या येतात. लोखंडात असलेल्या कार्बनमुळे हे घडते. डोळ्यांना ही फांदी नीट दिसत नाही, संथ चित्रणात मात्र स्पष्ट दिसते.

सुतळी बॉम्बचा नाद मात्र सोडून द्या. सेकंदाला २४० चित्रे म्हणजे दोन चित्रांमध्ये साधारण चार मिलिसेकंदांचे अंतर. बॉम्ब फुटण्याची क्रिया एवढ्यातच आटोपते. हाती लागते ते एक पांढरे चित्र आणि पुढे धूर. त्याच्या आतले काही दिसायला सेकंदाला हजारो चित्रे घेणारा प्रयोगशाळेतला कॅमेरा लागतो. तो आपल्या खिशाचा विषय नाही.

थोडक्यात, आपली गरज १२० ते २४० चित्रांची आहे. त्यावरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आकड्याच्या मागे काय?

दुकानदाराला पुढचे तीन प्रश्न जरूर विचारा.

पहिला, त्या वेगाला चित्राचा आकार किती? वेग वाढवला की स्वस्त कॅमेरा चित्र लहान करतो. कॅसिओचा ‘ईएक्स-एफ१’ हा कॅमेरा २००८ साली आला, तेव्हा सेकंदाला १,२०० चित्रांमुळे त्याचा बराच बोलबाला झाला. पण त्या वेगाला चित्राचा आकार होता फक्त ३३६ बाय ९६ बिंदू. म्हणजे एक चिंचोळी पट्टी. ३०० चित्रांना तो ५१२ बाय ३८४ बिंदू देई. आजच्या टीव्हीवर पाहायचे तर किमान १२८० बाय ७२० आणि शक्यतो १९२० बाय १०८० बिंदू हवेत.

दुसरा प्रश्न, हा वेग किती वेळ टिकतो? २०१७ साली आलेल्या सोनीच्या ‘एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियम’ या फोनमध्ये ९६० चित्रांची सोय होती, पण एका वेळी सेकंदाच्या जेमतेम पाचव्या भागापुरती. शॉट नेमका केव्हा फुटणार हे आधी कोण सांगणार? २४० चित्रांचा वेग सलग मिनिटभर टिकत असेल, तर तो अशा क्षणिक ९६० पेक्षा कितीतरी कामाचा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ही चित्रे खरोखर टिपलेली आहेत की मागाहून तयार केलेली? काही फोन कमी चित्रे टिपतात आणि मधली चित्रे गणिताने भरून काढतात. चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही लबाडी खपून जाते. फटाक्यांत मात्र शेकडो सारख्या दिसणाऱ्या ठिणग्या असतात. कुठली ठिणगी कुठे गेली, याचा मेळ गणिताला लागत नाही आणि ठिणग्या फाटल्यासारख्या, दुहेरी दिसू लागतात.

याची परीक्षा दुकानातच करता येते. कागदाच्या पुडीत मूठभर तांदूळ न्या. भरपूर उजेडात ते मीटरभर उंचीवरून सोडायला सांगा आणि त्याचे संथ चित्रण करा. मग एकेक चित्र थांबवून पाहा. मीटरभर पडायला साधारण ०.४५ सेकंद लागतो, म्हणजे २४० च्या वेगाने १०८ च्या आसपास चित्रे मिळायला हवीत आणि प्रत्येकात दाणा सुटा व थोडा पुढे सरकलेला दिसायला हवा. एकाआड एक चित्रात दाणे विरघळल्यासारखे दिसले, तर मधली चित्रे बनावट आहेत असे समजा.

लगाम आपल्या हाती हवा

एवढे जमले तरी पांढऱ्या डागाचे काय? कॅमेरा आपणहून उजेडाचा अंदाज घेतो. त्याला काळे आकाश दिसते, तो संवेदनशीलता वाढवत नेतो आणि तेवढ्यात शॉट फुटतो. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा, सगळे रंग जळून पांढरे होतात. म्हणून उजेड आणि फोकस ही दोन्ही हाताने ठरवून पक्की करता येतील असाच कॅमेरा घ्या. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट थोडा वेळ दाबून धरले की दोन्ही पक्की होतात. त्यानंतर बोटाने उजेड खाली ओढता येतो. पण संथ चित्रणाच्या वेळीही हे चालते का, ते दुकानातच पाहा.

इथे एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. वेग वाढला की प्रत्येक चित्राला कमी उजेड मिळतो, त्यामुळे इमारती आणि माणसे काळी पडतात. धावती ठिणगी मात्र तेवढी मंदावत नाही. कॅमेऱ्यातल्या एका ठिकाणी ती तशीही क्षणभरच असते, म्हणून झडप लवकर मिटली तरी तिचे फारसे बिघडत नाही. फटाक्यांसाठी महागडी, अंधारात पाहणारी भिंग घेण्याची गरज नाही, ती यामुळेच.

मग घ्यावे काय?

आधी खिशातला फोन तपासा. २०१७ च्या ‘आयफोन ८’ मध्ये १९२० बाय १०८० आकाराची २४० चित्रे मिळत होती. त्यानंतरच्या अनेक फोनमध्ये ही सोय आहे. ती आपल्या फोनमध्ये असेल, तर पैसे फक्त एका दणकट तिवईवर खर्च करा. संथ चित्रणात हाताचा कंपही हळू आणि ठसठशीत दिसतो.

भुईनळ्यासारख्या जमिनीवरच्या फटाक्यांना गोप्रोसारखा छोटा कॅमेरा बरा. २०१८ च्या ‘हीरो ७ ब्लॅक’ मध्ये पूर्ण आकाराची २४० चित्रे मिळतात. पण त्याचे भिंग फार रुंद पाहते, त्यामुळे आकाशातला शॉट बोराएवढा दिसतो.

दूरची आतषबाजी जवळ ओढायची असेल, तर भिंग बदलता येणारा जुना कॅमेरा पाहावा. २०१६ चा सोनीचा ‘ए ६३००’ पूर्ण आकाराची १२० चित्रे घेतो. त्यात पाल पद्धत निवडली की १०० चित्रे मिळतात. त्याने फार तोटा नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी जुना कॅमेरा घेताना भिंगाला लागलेली बुरशी, बॅटरीची अवस्था आणि वरची तांदळाची परीक्षा, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅसिओचे जुने कॅमेरे स्वस्तात दिसतील, पण कंपनीने छोट्या कॅमेऱ्यांचा हा व्यवसाय २०१८ सालीच बंद केला आहे. आणि वर्षातल्या चार रात्रींसाठीच कॅमेरा हवा असेल, तर तो भाड्याने आणणे सर्वांत शहाणपणाचे.

प्रत्यक्ष रात्री

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीतल्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली. तुमच्या गावचा चालू आदेश पाहून ठेवा आणि तिवई वेळेआधीच लावा. वारा पाठीवर घ्या, म्हणजे धूर समोरून पलीकडे जातो. पहिल्या काही मिनिटांत आकाश स्वच्छ असते, तेव्हा चांगली चित्रे आधीच मिळवा. फोकस दूरच्या दिव्यावर पक्का करा; पहिला शॉट उजेड ठरवण्यासाठी वापरा. रस्त्यावरचे दिवे चौकटीबाहेर ठेवा, संथ चित्रणात ते लुकलुकतात.

एक नियम मात्र कधीही मोडू नका. जो चित्रण करतो, त्याने वात पेटवायची नाही. पडद्यात पाहणाऱ्या माणसाला अंतराचे भान राहत नाही आणि ‘अजून थोडे जवळ’ म्हणत तो भुईनळ्यावर वाकतो. फुलबाजीची तार विझल्यावरही बराच वेळ तापलेली असते. मुलांच्या हातून ती लगेच पाण्याच्या बादलीत जायला हवी. जवळून दिसायला हवे असेल, तर कॅमेऱ्याचे भिंग पुढे न्या, स्वतः पुढे जाऊ नका.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)