पडद्यावरचं रान आणि आपलं वावर



लागवड, बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन हे आमच्या शेतकी विभागाचे नेहमीचे विषय. या अंकात मात्र थोड्या वेगळ्या विषयावर चार शब्द लिहितो आहे. विषय आहे गावात रात्री दाखवायच्या माहितीपटांचा. त्यातही निसर्गावरच्या आणि वन्य प्राण्यांवरच्या माहितीपटांचा. “उसाचा आणि सिनेमाचा काय संबंध?” असं कुणी विचारील. संबंध आहे, आणि गळीत हंगाम सुरू होण्याआधीच तो ध्यानात घ्यावा असा आहे.

जीप, पडदा आणि जनरेटर

आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. दिवस मावळता सरकारी जीप गावात यायची, देवळापुढं पांढरा पडदा ताणला जायचा, जनरेटर धडधडायचा आणि १६ मि.मी.चं यंत्र सुरू व्हायचं. केंद्र सरकारचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग १९४८ साली निघाला. त्याचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य सिनेमाच्या आधी दाखवले जात. खेडोपाडी चित्रपट नेणारी क्षेत्रीय प्रचार यंत्रणा १९५३ पासून सुरू झाली. धरण, संकरित बियाणं, अल्पबचत, कुटुंबनियोजन असे विषय असत. पडद्याच्या पुढं पोरं, मागं बायाबापड्या, आणि उलटी अक्षरं पाहायला पडद्याच्या पलीकडंही माणसं बसत.

आता प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. मग गावानं एकत्र बसून पाहायची गरज काय? मोबाईलवर माणूस एकटा पाहतो आणि अंगठ्यानं पुढं सरकवतो. एकत्र पाहिलं की शंका निघते, वाद होतो, आणि चार जाणती माणसं मिळून काही ठरवतात. माहितीपटाचा खरा उपयोग दिवा लागल्यानंतर सुरू होतो. याला दोन चांगले दाखले आहेत.

समुद्रातली लेक

पहिला दाखला गुजरातचा. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला व्हेल शार्क नावाचा जगातला सर्वांत मोठा मासा येतो. तोंड केवढं मोठं, पण खातो बारीक जीव. माणसाला काही करत नाही. वेरावळ, मांगरोळच्या बाजूला त्याची मोठी शिकार होत असे. मांस परदेशी जाई आणि यकृताचं तेल होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोळत. माइक पांडे यांनी या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट २००० साली केला. त्याचा गाजावाजा झाला आणि मे २००१ मध्ये केंद्र सरकारनं हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला. त्या कायद्याखाली आलेला हा पहिलाच मासा.

पण कायदा झाला म्हणजे कोळ्याचं जाळं आपोआप सुटतं असं नाही. २००४ पासून किनाऱ्यावरच्या गावांत पथनाट्यं, सभा, बैठका झाल्या. मोरारी बापूंनी कोळी बांधवांना समजावलं की, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. लोकांनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असं नाव दिलं. मासा सोडवताना जाळं कापावं लागलं तर त्याची भरपाईही मिळू लागली. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क कोळ्यांनी स्वतःच्या हातानं समुद्रात परत सोडले.

क्रम लक्षात घ्या. चित्रपटानं डोळे उघडले, कायद्यानं धाक घातला, गावातल्या बोलण्यानं मन वळलं आणि भरपाईनं पोटाची काळजी मिटवली. चारांतलं एक जरी कमी असतं तरी काम अर्धं राहिलं असतं.

बैलाचं इंजेक्शन आणि गिधाड

दुसरा दाखला आपल्या गोठ्यातला आहे. एके काळी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की काही वेळात गिधाडांचा थवा उतरायचा. नव्वदच्या दशकापासून ही गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. कुणी म्हणे रोग आला, कुणी म्हणे झाडं तुटली. कारण २००४ साली उघड झालं. दुखण्यावर जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारण होतं. औषध टोचलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. याही विषयावर पांडे यांनी माहितीपट केला.

मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. तेव्हा बैलगाडीचा बैल लंगडला तर पशुवैद्याला “मेलोक्सिकॅम द्या” एवढं सांगणं आपल्या हातात आहे. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं विदर्भात पेंच आणि ताडोबाला आणली गेली. ती पुढं आपल्या आकाशात दिसायची असतील तर औषधाची गोष्ट गावागावांत कळली पाहिजे.

“आमच्या धुऱ्यावरच्या सापाचं सांगा”

हे सारं ऐकून एक सभासद मला म्हणाले, “साहेब, समुद्रातलं ते बरं हाये, पण आमच्या धुऱ्यावरच्या सापाचं सांगा.” बरोबर आहे. आपल्याकडं पहिला माहितीपट सापावरचाच लागला पाहिजे.

भारतात सर्पदंशानं २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक खेड्यातले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप मुख्य. आपल्याकडची लस या चारही सापांच्या विषावर चालते.

ऊसतोड टोळ्या खोपीत जमिनीवर निजतात. मण्यार रात्रीच फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात आणि श्वास अडकतो. हे चित्र पडद्यावर एकदा पाहिलेला मुकादम पोटदुखीवर ओव्याची पूड देत बसणार नाही. तो गाडी काढील. आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, मंत्रात वेळ घालवू नये. हात-पाय हलवू न देता थेट दवाखान्यात न्यावं, १०८ ला फोन करावा. निजताना खाट किंवा निदान नीट खोचलेली मच्छरदाणी असावी. उंदीर खाऊन साप आपलं पीक राखतो हेही त्याच रात्री सांगावं, म्हणजे दिसेल तो साप ठेचला जाणार नाही.

सहकाराच्या माणसाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. ही लस करायला लागणारं विष तमिळनाडूतले इरुळा आदिवासी पुरवतात, आणि १९७८ पासून त्यांची चक्क सहकारी संस्था आहे! त्यांच्यावरही माहितीपट निघालेला आहे.

वाघ आणि व्हॉट्सॲप

आपला जिल्हा वाघाचा. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं, उमरखेडकडं पैनगंगा अभयारण्य. भीती खोटी नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसं गेली आणि २ नोव्हेंबर २०१८ ला टी-१ वाघीण मारली गेली. पण त्याच टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाचा जीव घेतला नाही. दिवसा झुडपात दबून, रात्री चालून तो गेला.

या दोन्ही गोष्टी लोकांना माहीत हव्यात. नाहीतर कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ “आपल्या शिवारातला वाघ” म्हणून फिरतो आणि दुसऱ्या दिवशी टोळी फडात उतरत नाही. खरा माग दिसला तर मात्र गर्दी न करता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

तर मग काय करावं?

पुण्यात २००७ पासून किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवात असे पर्यावरणाचे चित्रपट दाखवले जातात, आणि तो इतर शहरांतही गेला. पण साप आणि वाघ ज्यांच्या बांधावर आहेत त्यांनी आधी पाहायला हवं. म्हणून माझी सूचना अशी:

१. गळीत हंगामाआधी प्रत्येक गट कार्यालयाच्या गावी एक रात्र ठेवावी. टोळ्या आल्या की त्यांच्या तळावरही एक.

२. चित्रपट वीस-पंचवीस मिनिटांचा असावा. मराठीत नसेल तर गावातल्या शिक्षकांनी मध्ये थांबवून समजावून सांगावा.

३. चित्रपटानंतर निदान अर्धा तास बोलण्यासाठी राखावा. आरोग्य केंद्राचे डॉक्टर, पशुवैद्य, वनरक्षक यांना बोलवावं.

४. बायाबापड्यांना पुढं जागा द्यावी. खोपीत अंथरूण त्याच घालतात.

५. उठण्याआधी उद्यापासून काय करायचं ते एकच काम ठरवावं आणि फळ्यावर लिहावं.

प्रोजेक्टर, लाऊडस्पीकर आणि एक पांढरी चादर, एवढंच सामान लागतं. ज्या गावाला हा कार्यक्रम हवा असेल त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याकडं दसऱ्याच्या आत नाव नोंदवावं. फडावर जाणारा प्रत्येक माणूस संध्याकाळी सुखरूप घरी यावा, एवढीच या सगळ्यामागची इच्छा.

आपला,
ऊस विकास अधिकारी