प्रयोगशाळेतील उंदीर : अवधान व आवेगशीलतेचे मापन

अवधान व आवेगशीलता वर्तनातून मोजण्यासाठी केंब्रिज विद्यापीठातील ट्रेव्हर रॉबिन्स व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये पाच पर्यायांची प्रतिक्रियाकाल चाचणी मांडली. प्रथम 'रॅट' या मोठ्या उंदरांवर वापरलेली ही पद्धत पुढे लहान उंदरांसाठीही अनुकूल करण्यात आली. पेटीतील पाच छिद्रांपैकी एकात क्षणभर दिवा लागतो. तेथे नाक खुपसल्यास खाद्य मिळते. चुकीचे छिद्र निवडणे वा प्रतिसादच न देणे हे अवधान उणे असल्याचे, तर दिवा लागण्यापूर्वीच नाक खुपसणे हे आवेगशीलतेचे निदर्शक मानतात. मात्र प्रतिसाद न देण्यामागे भूक नसणे हेही कारण संभवते. म्हणून खाद्य घेण्यास लागलेला वेळही नोंदवितात. उतावीळ प्राणी अचूकही असू शकतो. सबब, एकाच आकड्यावरून दोन्हींविषयी निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरते.