ठिपक्यांचा आजोबा

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खटखट आणि गोदामांच्या रांगा आठवतात. पण याच तालुक्याच्या वरच्या अंगाला वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत, तानसा नदी वाहते आणि पलीकडे तुंगारेश्वर अभयारण्याचे डोंगर उभे आहेत. माळशेज घाटातून निघून मुंबईच्या वेशीवर पायी पोचायचं असेल, तर शहापूर-भिवंडी-वाडा-वसई हाच मुलूख आडवा येतो. २००९ साली तो एकाने चालून दाखवला. तो बिबट्या होता.

नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला हा नर विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढल्यावर वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेजला सोडून दिलं. पोक्त वयाचा, स्वभावाने शांत, म्हणून नाव पडलं आजोबा. मग संशोधकांच्या नकाशावर ठिपके उमटू लागले. एक ठिपका कसाऱ्याच्या रेल्वेमार्गाजवळ, पुढचे मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, त्यापुढचे वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. महिन्याभरात सव्वाशेएक किलोमीटर चालून आजोबा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात दाखल झाला. वाटेत कुणालाही त्याने ओरखडा काढल्याची नोंद नाही. एवढ्या गजबजलेल्या मुलखातून तो गेला आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

पाच वर्षांनी, मे २०१४ मध्ये, या प्रवासावर सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट आला. संशोधिकेची भूमिका ऊर्मिला मातोंडकरने केली. प्राण्यांवरच्या चित्रपटाने प्रेक्षकात नेमकं काय बदलतं, हे पाहायला याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही. कारण पडद्यावर यायच्या आधीच, नुसत्या ठिपक्यांनी, आजोबाने माणसं जिंकली होती.

हे कसं होतं? १९४४ साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियाने सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक चिमुकली फिल्म बनवली. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन, एवढंच. आकृत्या इकडून तिकडे सरकतात, आत शिरतात, बाहेर पडतात. पाहणाऱ्या ३४ जणींना विचारलं, काय दिसलं? केवळ एकीने भूमितीच्या भाषेत उत्तर दिलं. बाकीच्यांना सजीव दिसले: मोठा दांडगटपणा करतोय, छोटा शूर आहे, वर्तुळ बिचारं घाबरलंय! ना चेहरा, ना डोळे, ना पार्श्वसंगीत. फक्त हालचाल. ज्या वस्तूच्या हालचालीला दिशा असते तिला मन बहाल करून टाकायची आपल्या मेंदूला इतकी घाई असते.

त्रिकोणाची ही गत, तर जिवंत बिबट्याच्या ठिपक्यांची काय कथा! तो एका दिशेने चालला आहे एवढं कळलं, की पुढचं आपणच रचतो. त्याला कुठे पोचायचं असेल? त्याचं घर तिकडे असेल का? प्राण्याला पाहून कीव येते म्हणून चित्रपट परिणाम करतो, हा समज मला अपुरा वाटतो. कीव थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकते. वाट मात्र लक्षात राहते, कारण ती पुढे कुठे जाते हे जाणून घ्यायचं असतं.

‘घर’ ही कल्पना इथे नुसती भाबडी नव्हती. जुन्नर परिसरात २००१ नंतर बिबट्यांना पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला गेला. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचा हिशोब मांडला: माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, ते नंतर १७ वर गेले. अनोळखी मुलखात फेकलेलं जनावर बिथरतं, परतायला बघतं. ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ हा उपाय अंगाशी येतो, हे तक्त्यातून सांगितलं तर डोळे मिटायला लागतात. एका आजोबाची पायपीट दाखवली की शेजारचा प्रेक्षक पुढे सरकून बसतो.

अर्थात बिबट्याला आपल्यातलाच मानायची ही गोष्ट शहरी प्रेक्षकाला नवी. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर वाघोबाची, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाची, ठाणी आहेत. वाघबारशीच्या सणाला त्याची पूजा होते. २०२१ च्या एका अभ्यासात अशी दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली गेली. तिकीट न काढता पिढ्यानपिढ्या चालत आलेला हा खेळ आहे.

पण कळलं म्हणजे वळलं का? ‘ब्लू प्लॅनेट २’ या बीबीसीच्या मालिकेने जगाला समुद्रातल्या प्लॅस्टिकने हळहळायला लावलं. ब्रिटिश संशोधकांनी दीडशे जणांवर रीतसर प्रयोग केला. मालिका पाहिलेल्यांचं ज्ञान वाढलं, पण वस्तू निवडायची वेळ आली तेव्हा प्लॅस्टिक टाळण्यात फरक दिसला नाही. हळहळ आणि हात यांच्यामध्ये बरंच अंतर असतं.

ते अंतर कधी मिटतं, हे गुजरातच्या किनाऱ्यावर पाहावं. तिथे व्हेल शार्क, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा, सर्रास मारला जाई. माईक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने २००० मध्ये ती कत्तल दाखवली आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. ही फिल्म निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचली होती. कोळ्यांपर्यंत पोचायला मात्र वेगळीच गोष्ट लागली. रामकथाकार मोरारी बापूंनी सांगितलं, व्हेल शार्क ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. लेकीला कोण मारणार? खारवा कोळी महागडी जाळी कापून मासे सोडू लागले आणि फाटल्या जाळ्याची भरपाई वनखातं देऊ लागलं. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशी भरपाई मिळते. गोष्टीने मन वळवलं, भरपाईने हात मोकळा केला. एकावाचून दुसरं लंगडं पडलं असतं.

आजोबाचा शेवट थिएटरात बसलेल्यांच्या हातात नव्हता. १ डिसेंबर २०११ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीने त्याला ठोकरलं. चित्रपट आला तेव्हा तो जाऊन अडीच वर्षं होत आली होती. त्याला वाचवू शकले असते ते रस्ता आखणारे आणि रात्रीचे चालक.

म्हणून मला आता वेगळ्याच फिल्मांचं कुतूहल आहे: दिग्दर्शक नसलेल्या. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ उंचावून प्राण्यांसाठी खालून नऊ वाटा केल्या. तिथल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत वाघासह १८ जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले. वर ट्रक, खाली वाघ. समृद्धी महामार्गाचं इगतपुरी ते आमणे हे शेवटचे ७६ किलोमीटर ५ जून २०२५ रोजी, नेमक्या पर्यावरण दिनी, खुले झाले. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे, आणि तिथवर येणारा हा रस्ता आजोबाने ओलांडलेल्या कसारा-शहापूरच्या मुलखातूनच येतो. या महामार्गावरही वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल आहेत. त्यांतल्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते भिवंडीच्या गोदामांबाहेर, माल उतरायची वाट बघत बसलेल्या ट्रकचालकांना मोबाइलवर दाखवायला हवं. रात्री दोन वाजता ब्रेकवर पाय त्यांचाच असतो.