रानपिंगळ्याची साक्ष

पक्षिनिरीक्षकाने पक्ष्याचे नाव, स्थळ आणि दिनांक वहीत नोंदवला की त्याच्या छंदाला साक्षीचे स्वरूप येते. साक्ष म्हटली की ती चुकण्याचा संभव आला, उलटतपासणी आली आणि ती कोणत्या शब्दांत करावी हा प्रश्नही आला. नवशिक्याने टिपलेले छायाचित्र आज काही क्षणांत शेकडो जाणकारांपुढे जाते. अशा वेळी हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा उरत नाही.

पक्षी ओळखण्यात चुका होणारच. पुस्तकातील पक्षी स्थिर असतो. रानातला पानाआडून क्षणभर दिसतो. वटवट्यांच्या अनेक जाती एकमेकींपासून वेगळ्या काढताना मुरलेले निरीक्षकही चाचपडतात. पावशाचा रंग आणि उडण्याची ढब शिक्र्याशी इतकी जुळते, की लहान पक्षीसुद्धा त्याला शिकारी समजून कलकलाट करतात. जेथे पक्षीच फसतात तेथे माणसाच्या फसण्याचे नवल वाटू नये.

मात्र चूक वेगळी आणि लबाडी वेगळी. रानपिंगळ्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. ह्यूम यांनी १८७३ साली या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ साली डेव्हिडसन यांनी खानदेशात शहादा परिसरात त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. अपवाद होता तो एकच: १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे आपण तो मिळवला, असे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या नमुन्यावरील चिठ्ठी सांगत होती. या गृहस्थांचा पक्षिशास्त्रात मोठा दबदबा होता. त्यामुळे त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला गेला, आणि तिच्या आधाराने घेतलेला शोध अर्थातच निष्फळ ठरला.

पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. तेव्हा मांडवीचा तो नमुना डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे दिसून आले. मांडवी बाजूला सारून खऱ्या जुन्या स्थळांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना जिवंत रानपिंगळा भेटला. आपल्या शब्दावर जगाने विसंबावे अशी अपेक्षा त्यांनी धरली नाही. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. अशा खुणा दाखवणारे चित्रणच त्यांनी पुढे ठेवले.

या प्रकरणात शास्त्राची हानी केली ती लबाडीने; आणि त्या लबाडीला दीर्घायुष्य दिले ते मोठ्या नावापुढे प्रश्न न विचारण्याच्या संकोचाने. या संकोचाला सौजन्य म्हणता येणार नाही. नोंदीची तपासणी ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद न करता झाली पाहिजे. सौजन्य दाखवायचे ते नोंद करणाऱ्या माणसाला.

असे सौजन्य किती फलदायी ठरते याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९०८ साली एक शाळकरी मुलगा स्वतः मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत बिचकत गेला. मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय संग्रहातील कपाटे उघडून पक्ष्यांचे नमुने दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्या दिवशी ‘एवढेही कळत नाही का’ असे उत्तर मिळाले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

उपहासाचे नुकसान हिशेबात दिसत नाही, म्हणून ते लहान ठरत नाही. चुकीची नोंद निदान डोळ्यांपुढे असते; तिची दुरुस्ती करता येते. परंतु हशाच्या धास्तीने जी नोंद केलीच गेली नाही ती कायमची बुडाली. जाणकारांच्या घोळक्यात कधी न गेलेला खेड्यातील शिक्षक किंवा विद्यार्थी अशा वेळी प्रथम गप्प बसतो, आणि दुर्मीळ पक्षी पुष्कळदा त्याच्याच शिवारात असतो.

यातून काही साधे नियम निघतात. दुरुस्ती करणाऱ्याने नुसते नाव फेकू नये. माथा, चोच, शेपटी, आवाज यांपैकी कोणत्या खुणेवरून आपण निष्कर्ष काढला ते सांगावे. नोंद करणाऱ्याने दुरुस्ती पटल्यास ती उघडपणे मान्य करावी, न पटल्यास कारण विचारावे. पुरावा अपुरा असेल तेथे ‘अनिश्चित’ हा शेरा दोघांनीही मोकळ्या मनाने स्वीकारावा. त्यात कोणाचाच पराभव नाही. जंगल राखण्याचे निर्णय जर अशा नोंदींच्या आधारे व्हावयाचे असतील, तर ‘मी चुकलो’ हे शब्द निर्भयपणे उच्चारता येतील असे वातावरण ठेवणे ही जाणत्यांची पहिली जबाबदारी ठरते.