काळ्या मातीतील मागचे चाक

बालाघाटाच्या रांगांनी उंचावलेला आणि तेरणा, मांजरा व सीना या नद्यांच्या खोऱ्यांकडे उतरत गेलेला धाराशिव जिल्हा हा मुख्यत्वे कोरडवाहू मुलूख असला, तरी ज्या काळ्या कसदार जमिनीवर त्याचा सारा संसार उभा आहे, ती जमीन यंत्राच्या सामर्थ्याची जशी कठोर परीक्षा घेते, तशी क्वचितच दुसरी कोणती घेत असेल. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून निर्माण झालेली ही माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कठीण होते आणि मृगाच्या दोन दमदार सरींनंतर तिचाच असा चिकट राडा होतो की, पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बांधावरून शेतात उतरताच जागच्या जागी चाके फिरवीत आसापर्यंत रुतून बसतो. इंजिन गर्जत असते, इंधन जळत असते, आणि यंत्र मात्र तसूभर पुढे सरकत नाही.

या दृश्याचे मर्म एका साध्या तत्त्वात आहे. इंजिन कितीही बलवान असो, चाक आणि भूमी यांच्यामधील घर्षण जेवढे पेलील तेवढीच ओढ यंत्राला प्राप्त होते. आणि ते घर्षण मागच्या चाकांवर किती भार पडतो व खालची भूमी तो कसा झेलते, या दोन गोष्टींवर अवलंबून असते. सोलापूर-धुळे महामार्गावर भरधाव धावणारी, मागच्या चाकांनी चालणारी एखादी शक्तिमान मोटार आणि नांगर ओढणारा ट्रॅक्टर यांची अडचण तत्त्वतः एकच आहे. मोटारीचा धनी रुंद व मऊ रबराचे टायर घालतो, शेतकरी मागच्या टायरांत पाणी भरतो. दोघेही त्याच नियमाची आराधना करीत असतात.

कुंदा आणि हरळी यांनी व्यापलेली काळी जमीन खोल नांगरण्यासाठी पूर्वी एकाच नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. बैलाचा खूर जमिनीत रुततो आणि रुतूनच तो बळ लावतो. ट्रॅक्टरच्या आरंभीच्या लोखंडी चाकांवरील दाते हे त्याचेच अनुकरण होते. 1932 साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने हवेच्या रबरी टायरांचा ट्रॅक्टर बाजारात आणला आणि शेतातले यंत्र सडकेवरही चालू लागले. परंतु खरी क्रांती घडविली ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळीने ओढला न जाता तीन सांध्यांनी व हायड्रॉलिकच्या आधाराने यंत्राशी एकजीव व्हावा, जेणेकरून नांगराचा आणि त्यावरील मातीचा भार मागच्या चाकांवरच उतरेल व जितकी ओढ वाढेल तितकी पकडही वाढेल, ही त्याची कल्पना 1939 च्या फोर्ड ट्रॅक्टरद्वारे जगभर पसरली. आज कळंब किंवा उमरगा तालुक्यातील कोणत्याही वस्तीवर उभा असलेला ट्रॅक्टर पाहावा, त्याच्या पाठीशी फर्ग्युसनचीच ती तीन टोके दिसतील. हलक्या यंत्राकडून जड काम करवून घेण्याची इतकी बुद्धिमान युक्ती कृषियंत्रांच्या इतिहासात दुसरी नाही, असे माझे मत आहे.

मागच्या आसातील डिफरन्शियल हा याच कथेचा दुसरा अध्याय होय. वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारी ही योजना सडकेवर उपकारक, पण चिखलात घातक ठरते. कारण जे चाक निसटते त्याच्या ओढीपेक्षा अधिक ओढ ती दुसऱ्याला देऊच शकत नाही. वेगवान मोटारींत यावर निसटण्याला मर्यादा घालणारे डिफरन्शियल बसवितात. ट्रॅक्टरमध्ये चालकाच्या पायाशी लॉकचे पेडल असते. हे लॉक चाक गरगरू लागल्यावर नव्हे, तर त्यापूर्वी क्लच दाबून, आणि सरळ रेषेतच लावावयाचे असते. डावे-उजवे ब्रेक स्वतंत्र असल्यामुळे गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबून दुसऱ्याला बळ देण्याचे कसबही जाणत्या चालकांच्या अंगी असते. मात्र सडकेवर येताच दोन्ही पेडले कडीने जोडलीच पाहिजेत.

भार वाढविला की पकड वाढते हे खरे, परंतु त्यालाही सीमा आहे. पाण्याने टायर पाऊण भरला किंवा चाकावर बिडाची वजने चढविली की नांगरटीला लाभ होतो. तोच भार पेरणीच्या वेळी जमीन दाबून टाकतो, मुळांची वाट बंद करतो आणि पुढच्या हंगामात त्याची वसुली करतो. म्हणून चाकाची घसरण मोजून पाहावी. टायरवर खडूची खूण करून, रिकाम्या ट्रॅक्टरच्या चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर कापले आणि नांगर लावून तितक्याच फेऱ्यांत किती, हे पावलांनी मोजले की सारा हिशोब उघड होतो. पहिले अंतर चाळीस मीटर व दुसरे चौतीस भरले, तर घसरण पंधरा टक्के झाली, आणि नांगरटीला ती चालण्यासारखी आहे. याहून पुष्कळ अधिक असेल तर भार कमी आहे, वा टायर झिजला आहे. अगदीच नगण्य असेल तर आपण निष्कारण वजन वाहत आहोत.

पण या सर्वांहून मोठा उपाय आपल्या पूर्वजांनी वापसा या नावाने जाणला होता. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावी आणि बोटाने टोचताच फुटावी, अशा अवस्थेतली जमीनच चाकाला खरा आधार देते. वापशाची वाट न पाहता यंत्र घालणारा शेतकरी डिझेलबरोबर जमिनीची घडणही गमावतो.

ऊसवाहतुकीच्या दिवसांत ढोकीच्या बाजूस दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या चालकांनी आणि त्यांच्या मालकांनी एवढे अवश्य ध्यानी ठेवावे: रुतलेल्या यंत्राला ओढताना, किंवा ट्रॉली जोडताना, साखळी वा खिळी आसाच्या वर, तीन सांध्यांपैकी वरच्या टॉप लिंकच्या जागी कधीही अडकवू नये. तेथे ओढ पडली की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर क्षणार्धात चालकावर उलटतो. जोडणी नेहमी आसाच्या खाली, ड्रॉबारलाच करावी.