उसनी तरतरी

वर्ध्याहून नोकरीसाठी रोज नागपूरला जाऊन-येऊन करणाऱ्या कारकुनाचा दिवस फलाटावरील चहाने सुरू होतो. कचेरीत पोचल्यावर दुसरा, दुपारी फायलींवर डोळे मिटू लागले की तिसरा, आणि परतीच्या गाडीची वाट पाहताना चौथा. शिक्षकांची व परीक्षार्थी विद्यार्थ्यांची कथा याहून फारशी निराळी नाही. थकवा आला की चहा, हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की ते मुळात कोणी मांडले, असा प्रश्नही कोणाला पडत नाही.

वस्तुतः हे समीकरण फार जुने नाही. १९०३ साली चहावर उपकर बसविणारा कायदा झाला आणि त्या निधीतून चहाच्या प्रचाराची सोय झाली. पुढे जागतिक मंदीत भाव कोसळले. १९३३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्यातीवर मर्यादा आली. साहजिकच मळेवाल्यांची दृष्टी देशातील गिऱ्हाइकांकडे वळली. मागणी ही नेहमीच गरजेतून जन्मत नाही. पुष्कळदा ती शिल्लक मालातून घडविली जाते.

चहाचा हा प्रचार जोरात असतानाच, ३० एप्रिल १९३६ रोजी, गांधीजी वर्ध्याहून पायी सेगावला राहावयास गेले. पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्धी पावलेल्या या गावी पहाटेची प्रार्थना, सकाळ-संध्याकाळचे फिरणे, अंगमेहनत आणि लवकर निजणे असा दिनक्रम होता. चहा-कॉफीची शरीराला गरज नाही, असे मत गांधीजींनी १९४२ साली स्थानबद्धतेत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात नोंदविले.

आजचे शास्त्र इतके कठोर नाही; परंतु ते हिशेब मात्र चोख सांगते. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याचा संदेश अडविते. साचलेला थकवा ते नाहीसा करीत नाही. सावकाराने मुदत वाढवून द्यावी, तसाच हा प्रकार. मुद्दल कायम राहते. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडण्यास साधारणतः पाच तास लागतात. म्हणजे सायंकाळी सहाच्या चहाचा अंमल रात्री अकरालाही पुरता ओसरलेला नसतो. झोप उथळ होते, सकाळ जड जाते, आणि जुने कर्ज फेडण्यासाठी नवे काढावे लागते. जेवणासोबतच्या चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यात अडथळा येतो, हा तोटा वेगळाच. रक्तक्षयाने ग्रासलेल्या स्त्रियांना तो विशेष महाग पडतो.

मग सर्वांनी आश्रमवासी व्हावे काय? तसे नव्हे. नियमाने राहणाऱ्या गांधीजींचाही रक्तदाब १९३५ च्या अखेरीस वर्ध्यातच अतिश्रमाने वाढला आणि डॉक्टरांनी त्यांना विश्रांती घेणे भाग पाडले. शरीराच्या खतावणीत महात्म्यालाही सूट नाही, हाच त्याचा अर्थ. सामान्य माणसाने दोन कप चहा सुखाने घ्यावा, पण दुपारनंतर हात आखडता घ्यावा. निजण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी आणि झोप किमान सात तासांची असावी. आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाकाठी ती जेमतेम बावीस मिनिटे होतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पहाटेचे फिरणे हीच शहाणपणाची गोष्ट. दुपारी येणारी ग्लानी कित्येकदा पाणी कमी पडल्याची असते. तिला चहा नव्हे, पाणी हवे असते.

तथापि सारा दोष व्यक्तीच्या माथी मारणेही न्याय्य नाही. प्रवासात रोज तीन-चार तास घालविणाऱ्या कारकुनाने झोप आणावी कोठून? १९३७ साली वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेने हातांच्या श्रमाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. त्याच देशात अभ्यासक्रम मागे पडला की पहिली गदा येते ती खेळाच्या तासावर! रात्र जागून वाचणारा विद्यार्थी हुशार आणि दिवे लागेपर्यंत बसणारा कारकून कर्तव्यदक्ष, ही आपली मोजमापे आहेत. ती बदलत नाहीत तोवर, थकलेल्या माणसाला कोणीतरी चहाचा कप देईल. घरी जाऊन झोप, असे मात्र कोणी म्हणणार नाही.